रकाना नऊ : हातात काय होते

रकाना १, २ व ३ : लागू नाहीत. पुढे जावे.

रकाना ४ : आपण प्रसंगाच्या ठिकाणी कशासाठी हजर होता?

नोंदणीबाई तिथे आली होती ती शेरा पुसायला.

बाकीचे अकराजण निवडणूक घ्यायला शिकायला आले असतील, फुकटचा चहा प्यायला आले असतील, कचेरीतून तीन दिवस सुटका म्हणून आले असतील. तिचं काम एकच. पाच वर्षांपूर्वी तिच्या सेवापुस्तकात लाल शाईने एक ओळ पडली होती : ‘केंद्राध्यक्ष म्हणून देखरेखीत कसूर.’ चार शब्द. जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत बावीस वर्षं घासलेल्या बाईला त्या चार शब्दांनी दोनदा मुख्य लिपिकाच्या खुर्चीपासून उठवलं. खुर्ची दोन्ही वेळा तिच्यापेक्षा लहान माणसांना गेली, आणि दोन्ही वेळा त्यांना काम तिनेच शिकवलं. आता निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. अशात नवा नियम आला. निवडणूक कर्मचाऱ्यांचा तीन दिवसांचा अभ्यासवर्ग पुरा करून प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला निवडणुकीच्या कामातला जुना शेरा काढून टाकण्याचा अर्ज करता येईल. बढतीची यादी पुढच्या आठवड्यात लागायची होती. म्हणजे हे प्रमाणपत्र मिळालं तर खुर्ची, नाहीतर तिच्या तोंडाला कायमची पानं पुसली गेली.

वर्ग एका बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होता. जाळं गुंडाळून कोपऱ्यात टाकलेलं, जमिनीवर पांढऱ्या रेघा, आणि हवेत रबरी बुटांचा जुना वास. त्या रेघांच्या चौकटीतच टेबलं मांडून खोटं मतदान केंद्र उभं केलं होतं. पत्र्याची मतपेटी, पुठ्ठ्याचा आडोसा घातलेला मतदान कक्ष, कक्षाच्या फळीला दोरीने बांधलेली पेन्सिल. ती दोरी किती लांब हवी यावर पहिल्या दिवशी सकाळी पाऊण तास खर्ची पडला.

शिकवणारा गृहस्थ उंच आणि वाळका. कोर्टात हस्ताक्षरं तपासण्यात त्याचा जन्म गेला होता आणि गळ्यात अजून काळ्या दोरीने भिंग लटकत असे. त्यामुळे चहाच्या पहिल्या सुट्टीतच त्याचं नाव भिंग पडलं. नाव ठेवणारा पाणीपुरवठ्यातला मीटर वाचणारा माणूस. त्याला दर माणसाला एक नाव ठेवल्याशिवाय चैन पडत नसे, आणि नोंदणीबाईला नोंदणीबाई म्हणायला सुरुवात त्यानेच केली.

भिंगने पहिलंच वाक्य टाकलं ते असं : “मंडळी, विश्वास ही घरी ठेवून यायची वस्तू आहे. इथे आलात की शेजाऱ्यापासून सुरुवात करा.”

सगळे हसले आणि आपापल्या शेजाऱ्याकडे बघायला लागले. नोंदणीबाई हसली नाही. तिची सुरुवात केव्हाच झाली होती. चौथ्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्चीवर, पाच वर्षांनी ते बसले होते.

चित्रकलेचे मास्तर.

रकाना ५ : संशयित इसमाशी आपले पूर्वीचे संबंध.

एक दिवसाचे. सकाळी सहा ते रात्री मोजणी संपेपर्यंत.

पाच वर्षांपूर्वी तिच्या केंद्रावर मास्तर मतपत्रिका देण्याच्या टेबलावर होते. देखणं अक्षर, हळू बोलणं, दर मतदाराला ‘या’ म्हणायची सवय. दुपारी एक काठी टेकत आलेले आजोबा कक्षातून परत आले आणि म्हणाले, माझी खूण दोन नावांवर पडली, दुसरा कागद द्या. नियम असा की बिघडलेला कागद आधी परत घ्यायचा, पाकिटात घालायचा, मगच नवा द्यायचा. आजोबा कागद आतच ठेवून आले होते. त्यांना पुन्हा चालायला लावायचं मास्तरांच्या जिवावर आलं. त्यांनी स्थळप्रतीवर ‘रद्द’ लिहिलं, नवा कागद दिला, आणि रांग जरा ओसरल्यावर आतला बिघडलेला कागद आणायला स्वतः उठले. आत काही नव्हतं. ते तिच्याकडे आले आणि म्हणाले, बाई, कागद तिथे नाही.

तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. कागदाला काय पाय फुटले?

संध्याकाळी पेटी उघडली. रद्द केलेला वजा जाता सहाशे अकरा निघायला हवे होते. निघाले सहाशे बारा. तीनदा मोजले. मोजणाऱ्या मुलीने मधेच एक आठपदरी घडीचा कागद उलगडत कंटाळून म्हटलं होतं की हा काय कागद आहे की पुडी. त्या केंद्रावर पुन्हा मतदान घ्यावं लागलं, वर्तमानपत्रात आलं, चौकशी बसली. चौकशीच्या कागदावर शेवटचा प्रश्न होता : ‘आपला कोणावर संशय आहे काय? असल्यास नाव लिहावे.’

तिने लिहिलं. अक्षर स्वच्छ, खाली सही, तारीख.

तिला ‘कसूर’चा शेरा मिळाला. मास्तरांना ‘वर्तन संशयास्पद’, आणि बसने दोन तासांवरच्या शाळेत बदली.

या पाच वर्षांत तिने हे किती वेळा घरी सांगितलं असेल. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. डोळ्याला काच लावून बारीक चाकं बघता बघता ऐकायचा आणि म्हणायचा, तुला आपल्या घरातल्या मोज्यांचासुद्धा संशय येतो, एक कुठे गेला म्हणून तू आठवडाभर माझ्याकडे बघत होतीस. सासरे जुने पोस्टमन. त्यांचं म्हणणं निराळं होतं. ते म्हणायचे, हरवलेलं पत्र चोराकडे फार थोड्या वेळा सापडतं, बहुतेक वेळा ते पोस्टमनच्याच पिशवीच्या तळाशी असतं. तिने ते कानाआड केलं. सासऱ्यांना सगळीकडे पोस्टच दिसायचं.

रकाना ६ : प्रसंगापूर्वी आपण आपला संशय इतर कोणाजवळ बोलून दाखवला होता काय?

नाही. (खोडले.)

एका व्यक्तीजवळ. (खोडले.)

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मीटरवाल्याला फक्त एवढंच विचारलं की चौथ्या रांगेतले ते कोण, ओळखीचे वाटतात. मीटरवाल्याला विचारणं म्हणजे दवंडी पिटणं. त्याने खोदून विचारलं, तिने नको नको म्हणत सांगितलं. सगळं नाही. ‘त्या वेळी एक कागद जास्त निघाला होता, मी काही बोलत नाही, पण टेबलावर तेच होते.’ ही अशी वाक्यं असतात की ज्यात कुणावर आरोप नसतो आणि माणूस मात्र पुरता सोलून निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सील लावायच्या सरावात त्यांना जोडीदार मिळेना. भिंगने ‘कोण येतंय?’ विचारलं तेव्हा सगळ्यांना एकदम आपल्या वह्यांत काहीतरी महत्त्वाचं दिसलं. शेवटी त्यांनी एकट्याने सील लावलं; एका हाताने सुतळी ताणून, दुसऱ्याने लाख ओतून. बोटाला चटका बसला तरी आवाज केला नाही. नोंदणीबाईने ते पाहिलं आणि मनात म्हटलं : बघा, चटका बसूनसुद्धा गप्प. किती पक्का माणूस आहे.

मास्तर तिच्याशी एकदाच बोलले. पाण्याच्या पिंपाजवळ. “बऱ्या आहात ना बाई?” एवढंच. तिने रात्रभर त्या ‘बऱ्या’चा अर्थ लावला.

रकाना ७ : प्रसंगाच्या वेळी कोणाकडे कोणते काम होते व ते कोणी ठरवले?

तिसऱ्या दिवशी परीक्षा. भिंगने सांगितलं की शेजारच्या हॉलमधल्या वर्गातले चाळीसजण मतदार म्हणून येतील. तुम्ही बाराजण केंद्र चालवा. पाचजण टेबलावर, सातजण उमेदवारांचे प्रतिनिधी म्हणून समोर बाकावर. मग त्याने भिंग हातात घेऊन काच सदऱ्याला पुसली आणि म्हणाला, “आज तुमच्या बाराजणांपैकी एकाच्या हातून गडबड होणार आहे. कुणाच्या ते ओळखायचं. प्रसंग-पत्रकातले सगळे रकाने भरायचे आणि दहाव्या रकान्यात नाव लिहून पाकीट बंद करायचं. रकाना कोरा चालणार नाही.”

बाराजणांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यातले बरेच डोळे फिरून फिरून चौथ्या रांगेत भिंतीकडे जाऊन थांबले.

कामं चिठ्ठ्या टाकून वाटली. नोंदणीबाईने चिठ्ठी उलगडली : केंद्राध्यक्ष. मास्तरांनी उलगडली : मतपत्रिका देणे.

पाच वर्षांपूर्वीचंच टेबल. तिला वाटलं, चिठ्ठ्या खऱ्या नाहीत. भिंगला सगळं माहीत आहे. त्याने आमची सेवापुस्तकं मागवून वाचली असणार. मग वाटलं, मास्तरांनीच भिंगला गाठलं असेल. मग वाटलं, मीटरवाल्याने पोचवलं असेल. तिने वाटीतल्या उरलेल्या चिठ्ठ्या मोजून पाहिल्या. बरोबर होत्या. बरोबर असणं हीसुद्धा एक शंकेची जागाच की.

रकाना ८ : घटनाक्रम. वेळ टाकून, थोडक्यात. (केंद्राध्यक्षांच्या नोंदवहीतून उतारा.)

१०.०० पेटी रिकामी असल्याचे प्रतिनिधींना उलटी करून दाखवली.

१०.०५ सील लावले. आकडा दोघांनी वाचला.

१०.१० मतदान सुरू. मास्तरांनी पन्नासाचे बंडल मोजून घेतले. दोनदा मोजले. दोनदा का?

१०.२० नवव्या मतदाराला कागद देताना मास्तर टेबलाखाली वाकले. कारण विचारले. पेन पडले म्हणाले. पेन खरोखर खाली होते.

१०.३० मास्तरांनी उजवा हात खिशात घातला. रुमाल निघाला.

१०.४० कक्ष तपासला. पेन्सिल जागेवर, टोक शाबूत.

१०.४५ एका बाईंनी मास्तरांना काही विचारले, मास्तरांनी उत्तर दिले. ऐकू आले नाही.

१०.५५ मास्तर हसले. कारण कळले नाही.

११.२० शेवटचा मतदार. दिलेले कागद चाळीस, बंडलात उरलेले दहा.

११.३० पेटी उघडली. कागद एक्केचाळीस.

एक्केचाळीस म्हटल्यावर हॉलमध्ये जे झालं ते नोंदवहीत नाही. समोरचा बाक जरासा करकरला, कारण सातही जण एकाच दिशेला वळले. मीटरवाल्याने ओठ दुमडून छताकडे पाहिलं. नाव ठेवायची एवढी संधी असून तो गप्प राहिला. मास्तरांनी मात्र कागदांचा गठ्ठा पुढे ओढून घेतला आणि तिला विचारलं, मी एकदा मोजू का? ती म्हणाली, हात लावू नका.

त्यांनी हात लगेच मागे घेतला आणि दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. पत्रकं वाटून होईपर्यंत तसेच ठेवून बसले.

रकाना ९ : पेटीजवळ किंवा कक्षाजवळ गेलेल्या प्रत्येकाच्या हातात काय होते? स्वतःपासून सुरुवात करावी.

स्वतः : काही नाही.

तिने हे लिहून टाकलं आणि पेन मास्तरांच्या नावाकडे वळवलं. त्यांच्याबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. रुमाल, पेन, खिसा. पण मास्तर पेटीजवळ गेलेच नव्हते. कक्षाजवळही नाही. ते जागेवरून उठलेच नव्हते; ते तिने स्वतः दीड तास डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. उठले असते तर तिच्या वहीत आलं असतं.

मग कोण कोण गेलं होतं? चाळीस मतदार. आणि दहा चाळीसला पेन्सिल बघायला

तिने पेन खाली ठेवलं.

पेन्सिल बघायला मी आत गेले. वाकले. दोरी ओढून पाहिली. टोकावर अंगठा फिरवला. हे सगळं उजव्या हाताने. आणि डाव्या?

डाव्या हाताला आठवत होतं. डोक्याच्या आधी हाताला आठवलं. फळीच्या कोपऱ्यात एक घडी घातलेला कागद होता. कुणीतरी विसरलं बिचारं, असंसुद्धा तिच्या मनात आलं नव्हतं. तेवढासुद्धा विचार नव्हता. नोंदणी कचेरीत बावीस वर्षं टेबलावर मोकळा कागद दिसला की तो ज्याच्या त्याच्या खणात जायचा. कुणाचा जन्म असेल, कुणाचा मृत्यू असेल, उघडा पडू द्यायचा नाही. तिच्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला तिने हेच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. हात उठायचा, कागद उचलायचा, खणात टाकायचा, आणि तोंडाने ती दुसऱ्याच कुणाशी बोलत असायची. कक्षातला कागद तिने उचलला आणि बाहेर येता येता त्याच्या खणात टाकला. खण म्हणजे पेटी. टाकताना ती मास्तरांच्या खिशाकडे बघत होती.

नियम तिला पाठ होता. काल तोंडी परीक्षेत तिनेच सांगितला होता : कक्षात सापडलेला कागद कर्मचाऱ्याने कधीही पेटीत टाकू नये, वेगळ्या पाकिटात ठेवावा, नोंद करावी. भिंग म्हणाला होता, अगदी बरोबर.

तिने ‘काही नाही’ खोडलं. वर लिहिलं, ‘एक घडी घातलेला कागद. पेटीत टाकला. मी.’

इथवर ठीक होतं. ही परीक्षेतली गोष्ट होती, खोट्या केंद्रातली. पण हात एकदा आठवायला लागला की थांबत नाही.

आठपदरी घडी. आजोबांनी औषधाच्या पुडीसारखी दाबून दाबून घातलेली. पाच वर्षांपूर्वीच्या दुपारी ती तासातासाने पेन्सिल बघायला आत जात होती. तेव्हाही नियम तोच होता. त्या पुडीची जाडी पेटीच्या फटीत मावेना. अडकली. मग तिने

तिने ती पेन्सिलीने आत ढकलली होती. कक्षातलीच पेन्सिल, दोरी ताणून; पेटी कक्षाला खेटूनच होती. दोरी जेमतेम पुरली होती.

त्यानंतर मास्तर येऊन म्हणाले होते, बाई, कागद तिथे नाही. आणि तिने त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं होतं.

त्या चौकशीच्या कागदावर, हातात काय होतं, असं कुणी विचारलंच नव्हतं. संशय कुणावर आहे तेवढंच विचारलं होतं. ही पळवाट तिला लगेच सापडली, आणि ती सापडण्यात किती कमी वेळ लागला ते तिच्या लक्षात आलं.

रकाना १० : आपल्या मते गडबड कोणाच्या हातून झाली?

तिने स्वतःचं नाव लिहिलं. पाकीट चिकटवलं. जिभेला गोंदाची चव लागली.

आणि लगेच तिला स्वतःचाच संशय आला. आपण खरं लिहिलं, की खरं लिहिल्याने गुण मिळतील म्हणून लिहिलं? भिंग काही खुळा नाही. पत्रकात ‘स्वतःपासून सुरुवात करावी’ हे त्याने उगीच घातलेलं नाही. हे ओळखून आपण लिहिलं का? तिने ते दहादा उलटंपालटं केलं. दुसऱ्या कुणाचं असं पत्रक तिच्यासमोर आलं असतं तर तिने नक्की म्हटलं असतं : चलाख दिसते बाई.

रकाना ११ : निकाल. (प्रशिक्षकांनी भरावा.)

चार वाजता भिंगने पाकिटं फोडली. बारांपैकी दहांमध्ये मास्तरांचं नाव. तो एकेक वाचत गेला, आवाजात काही फरक न करता, आणि दर नावाला मास्तर जरासे मान हलवत होते, हजेरी दिल्यासारखे.

अकरावं पाकीट मास्तरांचं स्वतःचं. दहाव्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मला ठाऊक नाही.’

बारावं नोंदणीबाईचं.

भिंगने तिच्याकडे काचेतून पाहिलं. एक डोळा मोठा, एक लहान. मग त्याने सांगितलं की त्याने कुणालाच लबाडी करायला सांगितली नव्हती. फक्त एका मतदाराजवळ एक जादा कागद दिला होता आणि तो फळीवर ठेवून यायला सांगितलं होतं. “दर वर्गात तो कुणीतरी उचलतंच, आणि उचलणारा नेहमी सगळ्यात नीटनेटका माणूस असतो. लबाड माणूस कशाला उचलेल? त्याला स्वतःची कामं असतात.” लोक हसले. सुटल्यासारखे हसले. मीटरवाला तर मास्तरांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, काय मास्तर, आम्ही तुम्हाला उगीच आत टाकलं होतं की हो. मास्तर म्हणाले, असू द्या.

मग प्रमाणपत्रं वाटली. नोंदणीबाईला पहिलं. ज्यांनी चुकीचं नाव लिहिलं त्या दहांनाही मिळालं. संशय चुकला तरी रकाना भरलेला होता. मास्तरांना नाही. ‘ठाऊक नाही’ हे नाव होत नाही, म्हणजे रकाना कोरा, म्हणजे पत्रक अपूर्ण. पुढच्या वर्षी पुन्हा तीन दिवस यावं लागेल. हे सांगताना भिंगने काच खाली सोडली आणि म्हणाला की नियम माझा नाही. मास्तरांनी विचारलं, तारखा कधी कळतील? त्यांच्या शाळेतून सुट्टी काढायला महिनाभर आधी अर्ज द्यावा लागे.

जागा अपुरी पडल्यास मागील बाजूस लिहावे.

शेऱ्याच्या अर्जाची खिडकी हॉलच्या बाहेर, जिन्याखाली, साडेपाचपर्यंत उघडी. नोंदणीबाईने छापील अर्ज घेतला आणि व्हरांड्यातल्या बाकावर मांडीवर वही ठेवून लिहायला बसली. अर्ज सोपा होता. नाव, हुद्दा, शेऱ्याची तारीख, प्रमाणपत्राचा क्रमांक. मग एक मोठी जागा : ‘शेरा का काढावा याची कारणे.’

इतकंच लिहायचं होतं की प्रशिक्षण पूर्ण केले, चूक ओळखण्यात पहिला क्रमांक. दोन ओळी. पाच वर्षांपूर्वीचं कुणी विचारत नव्हतं. ते आजोबाही एव्हाना हयात नसतील. त्यांची नोंद कदाचित तिच्याच कचेरीत तिच्याच अक्षरात झाली असेल. तिचा हात आणि ती, दोघांशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं.

वीस मिनिटं ती नुसती बसली. मग लिहिलं. लिहिताना जागा संपली, तिने कागद उलटला आणि मागेही लिहिलं.

मास्तर जिन्याशी पिशवीचा बंद लावत उभे होते. बसला अवकाश होता. तिने कागद पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

“काय आहे हे?”

“वाचा.”

“मी कशावरही सही करणार नाही, बाई. चौकशीत एकदा केली होती.”

“सही नको. नुसतं वाचा.”

त्यांनी पाठ भिंतीला लावून वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा ओळीखाली बोट धरून, मुलांच्या वह्या तपासतात तसं. आठपदरी घडी. पेन्सिल. मास्तरांनी कागद नाही असे सांगितले ते खरे होते. त्यांच्यावरील शेरा चुकीचा असून माझ्या जबाबावरून दिला गेला आहे. तो काढावा. माझ्यावरील शेरा अपुरा आहे.

“प्रमाणपत्र मिळाल्यावर आठवलं होय?”

“आठवलं आधी. लिहिलं नंतर.”

“मधे किती वेळ होता?”

“पाच तास.”

मास्तरांनी विचारलं, “आणि प्रमाणपत्र मिळालं नसतं तर?”

“मला ठाऊक नाही.”

“ते उत्तर इथे चालत नाही म्हणतात,” मास्तर म्हणाले, आणि हसले नाहीत. त्यांनी कागद उजेडात धरला, मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची. “माझ्या बायकोनं पाच वर्षांत मला एकदाच विचारलं. खरंच नाही ना केलं तुम्ही? म्हणून. एकदाच हं. भली बाई आहे. पण विचारलं.”

मला माफ करा म्हणायचं ओठांवर आलं होतं; पण ते म्हटलं तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

“यात डाव काय आहे, तेवढं कळत नाही,” ते म्हणाले. कडवटपणे नाही, खरंच शोधत होते. “तुमचं काय सुटतं यातून?”

“काही सुटत नाही. खुर्ची जाते.”

“मग तर आणखीच कळत नाही.”

त्यांनी मोबाइल काढून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. मग म्हणाले, चला, माझ्यासमोर द्या. खिडकीपर्यंत कागद त्यांनीच हातात धरला.

खिडकीतल्या लिपिकाने अर्ज वरवर वाचला, मग नीट वाचला, मग चष्मा काढला. त्याने नोंदणीबाईला सांगितलं की हा अर्ज स्वतःचा शेरा काढण्यासाठी असतो. असं लिहिलंत तर तुमचा शेरा निघायचा नाही, उलट वाढेल. पुन्हा चौकशी लागेल, तुमच्याच नावावर. अजून शिक्का मारलेला नाही, परत घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या. हे बोलताना तो एकदा तिच्याकडे आणि एकदा मास्तरांकडे बघत होता. या माणसाने बाईला धाकात घेऊन लिहवून तर घेतलं नाही ना, असं त्याच्या चेहऱ्यावर सरळ उमटलं होतं.

मास्तरांनी ती नजर पाहिली. ती त्यांच्या ओळखीची होती. ते खिडकीपासून दोन पावलं मागे सरकले.

“मारा शिक्का,” नोंदणीबाई म्हणाली. “माझ्या मनाने लिहिलंय. हे नुसते बरोबर आलेत.”

शिक्का पडला. पोच कुणाच्या नावाने, असं लिपिकाने विचारलं. तिने मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांनी पोच घेतली, तारीख तपासली, क्रमांक तोंडातल्या तोंडात वाचला, घडी करून आतल्या खिशात ठेवली. तिच्याकडे पाहून मान हलवली. आभार होते की निरोप होता, तिला ठरवता येईना; आणि या खेपेला ठरवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

ते फाटकापर्यंत गेले. तिथे थांबले. परत आले.

“बाई, रागावू नका,” ते म्हणाले. “पण दुसरा एखादा अर्ज तर नाही ना लिहिलेला? मी गेल्यावर द्यायचा?”

ती रागावली नाही. तिने खांद्यावरची पिशवी उतरवली, बाकावर ठेवली आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं. वही, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, प्रमाणपत्राची गुंडाळी, नवऱ्याने दुरुस्त करून दिलेलं कुणाचं तरी घड्याळ. मास्तर वाकून बघायला लागले. आधी जरा संकोचाने, मग नीट, एकेक वस्तू बाजूला सारत. वहीची पानंही त्यांनी झटकून पाहिली. त्यांचं बघून होईपर्यंत ती पिशवी उघडी धरून उभी राहिली.